महानुभाव गद्याचा विद्यार्थी, समलिंगी व्यक्तिरेखांची विद्यार्थिनी आणि विभागाचे काम

एका महाविद्यालयाच्या मराठी विभागप्रमुखांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या संशोधन केंद्रात यंदा पीएच.डी.साठी दोन विद्यार्थी आले आहेत. एकाने आपण समलिंगी असल्याचे त्यांना विश्वासाने सांगितले आहे. त्याला महानुभाव गद्यावर काम करायचे आहे आणि मूळ पोथ्या वाचता याव्यात म्हणून सकळ ही सांकेतिक लिपी शिकण्याची काही सोय होईल का, असे त्याने विचारले आहे. दुसरी विद्यार्थिनी विवाहित आहे, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि तिला १९८० नंतरच्या मराठी नाटक-कादंबरीतील समलिंगी व्यक्तिरेखांवर प्रबंध लिहायचा आहे. पहिल्याला ‘त्याच्या जवळचा’ विषय सुचवावा का, दुसरीला या विषयापासून परावृत्त करावे का, आणि अशा संशोधकांच्या व अशा संशोधनाच्या पाठीशी विभागाने नेमके कसे उभे राहावे, असे त्यांनी विचारले आहे.

आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे, कारण आपल्याकडे आलेल्या दोघांनी विषय आणि माणूस यांची सहसा घातली जाणारी सांगड आपणहून मोडून दाखवली आहे. समलिंगी संशोधकाने समलिंगी जीवनावरच लिहावे, ही अपेक्षा वरवर सहानुभूतीची वाटली तरी ती त्याला एका खोलीत बसवून बाहेरून कडी लावण्यासारखी आहे. दलित विद्यार्थ्याला दलित साहित्याचा आणि विद्यार्थिनीला स्त्रीवादाचा विषय ‘सुचवण्याची’ आपल्या विभागांची सवय जुनी आहे, त्याच सवयीचा हा नवा अवतार होय. तेव्हा पहिल्याला महानुभाव गद्यच करू द्यावे. दुसरीच्या बाबतीत, तिला हा विषय का हवा आहे याची चौकशी तिच्या आयुष्यात नव्हे, तिच्या आराखड्यात करावी. व्याकरणातल्या तद्धितांवर, म्हणजे नामादींना प्रत्यय लागून झालेल्या शब्दांवर, काम करणाऱ्याला आपण ‘हाच विषय का?’ हे ज्या सुरात विचारतो, त्याच सुरात तिला विचारावे.

मी सव्वीस वर्षे मराठी शिकवले, त्यातली बरीच वर्षे प्रबंधांचे मार्गदर्शन केले आणि संशोधन व मान्यता समितीवर, म्हणजे आपण सगळे जिला आर.आर.सी. म्हणतो तिच्यावर, दोन मुदती बसले. त्या अनुभवातून माझे मत असे झाले आहे की या कामात भाषणांचा आणि फलकांचा वाटा फार थोडा आहे. विभागाची रोजची कारकुनी कामे, म्हणजे आराखडा, परीक्षकांची यादी, शिष्यवृत्तीचा अर्ज आणि मुलाखतींच्या ध्वनिफिती, कोण किती काळजीने करतो, यावरच संशोधक टिकतो किंवा जातो.

सर्वांत आधी गुप्ततेविषयी लिहिते, कारण इथे माझ्या हातून एकदा चूक झाली आहे. एका विद्यार्थ्याने मला जे सांगितले होते ते मी एका सहकाऱ्याला सांगितले. हेतू वाईट नव्हता. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि ‘जरा सांभाळून घ्या’ एवढेच मला म्हणायचे होते. त्यांनी ते रेक्टरना ‘सांभाळून घ्यायला’ सांगितले, रेक्टरनी कारकुनाला सांगितले आणि पंधरा दिवसांनी त्या मुलाच्या मामांचा मला दूरध्वनी आला की भाच्याला आम्ही घरी नेत आहोत. त्या साखळीत कोणीही त्याचा शत्रू नव्हता, सगळे काळजीवाहूच होते. तो विद्यार्थी पुन्हा विभागात आला नाही. तेव्हापासून मी एक नियम पाळते: सांगणाऱ्याने स्वतः ज्याला सांगितले नाही, त्याला मी सांगत नाही. मग तो सहमार्गदर्शक असो, संशोधन सल्लागार समिती असो वा विद्यार्थ्याचे आईवडील. प्रगती अहवालात ‘वैयक्तिक अडचणी’ एवढेच शब्द लिहावेत, कारण ती फाइल पाच टेबलांवरून फिरते.

मराठीच्या अभ्यासकांनी डॉ. रामचंद्र सिरस यांचे प्रकरण विसरू नये. नागपूर विद्यापीठातून मराठीत डॉक्टरेट मिळवलेले सिरस अलीगढ मुस्लीम विद्यापीठात मराठी शिकवत असत आणि तिथल्या आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या राहत्या घरात घुसली, त्यांचे खाजगी क्षण चित्रित झाले आणि दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाने घुसखोरांविषयी विचारण्याऐवजी सिरसांनाच निलंबित केले. १ एप्रिल रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि ७ एप्रिलला ते अलीगढमधील भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दिल्ली उच्च न्यायालयाचा नाझ फाउंडेशन खटल्यातील निकाल २ जुलै २००९ रोजी लागून गेला होता, म्हणजे प्रौढांमधील संमतीच्या खाजगी संबंधांना त्या निकालाने गुन्ह्याच्या कक्षेतून काढल्यानंतरची ही घटना आहे. पुढे तो निकाल डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रौढांच्या संमतीचे संबंध कायमचे कलम ३७७ च्या बाहेर काढले. पण सिरसांना कायद्याने मारले नव्हते. त्यांच्या बाबतीत विद्यापीठ नावाच्या यंत्रणेने चोवीस तासांत जे केले, ते निकाल कितीही चांगला असला तरी कोणत्याही विभागात पुन्हा होऊ शकते. सिरस कवीही होते आणि त्यांच्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. ती बातमी आली त्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये त्यांच्याविषयी पुष्कळ बोलले गेले, कवितेचा उल्लेख मात्र एकदाही झाला नाही. मीही केला नाही.

आता दुसऱ्या विद्यार्थिनीच्या विषयाकडे वळते, कारण खरी झटापट तिथे व्हायची आहे. आर.आर.सी.च्या बैठकीत असा आराखडा टेबलावर आला की काय घडते ते मी दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. आराखड्यांची चळत सरकत असते, चहा आलेला असतो, ग्रामीण कादंबरी आणि संतसाहित्य यांचे पाच-सहा विषय दोन-दोन मिनिटांत मंजूर झालेले असतात आणि मग एक सदस्य शीर्षक मोठ्याने वाचतो, थांबतो आणि चष्मा काढतो. ‘हा विषय मराठीचा आहे का?’ हा पहिला प्रश्न असतो. ‘मराठीत एवढी सामग्री आहे का?’ हा दुसरा. तिसरा प्रश्न सहसा प्रश्न नसतो, ‘शीर्षक जरा सौम्य करा’ ही सूचना असते. अशा सौम्य करण्यातून ‘मराठी साहित्यातील वेगळ्या जाणिवा’ यांसारखी शीर्षके जन्माला येतात. त्यांखाली काय आहे ते ग्रंथालयात शोधणाऱ्याला कधीच सापडत नाही. शीर्षकातला ‘समलिंगी’ हा शब्द काढू देऊ नये. तो काढला की प्रबंध हरवतो.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे विद्यार्थिनीने नव्हे, मार्गदर्शकाने द्यायची असतात आणि ती बैठकीला जाण्यापूर्वी तयार हवीत. सामग्री आहे. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. त्यातील मित्रा या नायिकेचे नमा या तरुणीवरचे प्रेम आपल्यापर्यंत बापू या तिच्या मित्राच्या निवेदनातून पोहोचते. नायिकेची कहाणी पुरुषाच्या तोंडून का सांगावी लागली, या एका रचनाविषयक प्रश्नावर प्रकरणभर लिहिता येईल, आणि तो प्रश्न निखळ साहित्यसमीक्षेचा आहे. सचिन कुंडलकरांच्या २००६ मधील ‘कोबाल्ट ब्लू’त भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात आणि दोघे आपापली बाजू सांगतात. तिथे निवेदक बदलला आहे, लपवण्याची पद्धतही बदलली आहे. या दोन कृतींच्या मध्ये पंचवीस वर्षे आहेत. त्या पंचवीस वर्षांत काय झाले, हा तिच्या प्रबंधाचा कणा होऊ शकतो.

तिने कालखंड मागे नेण्याचे ठरवले तर र. धों. कर्व्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ आहे. ते मासिक १९२७ ते १९५३ असे चालले. त्यातील वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून झालेल्या खटल्यात १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली होती. ‘ही पाश्चात्त्य फॅशन आहे’ असे म्हणणाऱ्या सदस्याला मी फार वाद न घालता एवढेच सांगते. लोकपरंपरेकडे वळायचे तर यल्लमाचे जोगते आहेत आणि त्यांच्यावर राजन गवस यांची ‘भंडारभोग’ ही कादंबरी आहे. इथे मात्र विद्यार्थिनीला सावध करावे. जोगता, तमाशातला नाच्या आणि संगीत नाटकातला स्त्रीपार्टी नट या तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतली कोणतीही एक आपोआप समलिंगी ठरत नाही. बालगंधर्वांनी नऊवारी नेसली म्हणून त्यांच्या खाजगी आयुष्याविषयी अनुमान काढणारे प्रकरण मी एकदा परत पाठवले आहे. कोण ‘तसा’ होता हे शोधत बसणे म्हणजे संशोधन नव्हे. कॅमेरा घेऊन घरात घुसणाऱ्यांचीच ती सभ्य आवृत्ती आहे.

सामग्री शोधण्यातही एक तांत्रिक अडथळा येतो, तो नव्या संशोधकाला कोणी सांगत नाही. आपल्या ग्रंथालयांच्या तालिकेत ‘समलिंगी’ असा विषयशब्द बहुधा नसतोच. डेव्ही दशांश पद्धतीत आज या विषयाला ३०६.७६६ हा समाजशास्त्रातला क्रमांक आहे, पण जुन्या आवृत्त्यांप्रमाणे वर्गीकरण झालेली पुस्तके मानसविकारांच्या कपाटात बसलेली असतात. मराठी पुस्तके कामशास्त्र, आरोग्य किंवा सरळ ‘संकीर्ण’ यांत सापडतात. शब्दही बदलत गेले आहेत. जुन्या लेखनात ‘समसंभोग’, ‘अनैसर्गिक’ असे शब्द भेटतात, मग ‘समलिंगी’ आणि ‘समलैंगिक’ येतात आणि अलीकडे ‘पारलिंगी’ (जन्मवेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेले), ‘क्वीअर’ रुळत आहेत. प्रबंधात कोणता शब्द कशासाठी वापरला हे पहिल्याच प्रकरणात सांगावे आणि जुन्या लेखकाचा शब्द अवतरणात जसाच्या तसा ठेवावा. व्यक्तीला मात्र ती स्वतःला जे म्हणवते तेच म्हणावे. ‘तृतीयपंथी’ हा शब्द सगळ्यांना सरसकट लावणे ही अजून प्रबंधांत दिसणारी चूक आहे. तिच्याच जोडीने येणारी दुसरी चूक आकड्याची आहे. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ म्हणून देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. हा आकडा ‘तृतीयपंथीयांची लोकसंख्या’ म्हणून प्रस्तावनेत उतरवला जातो. प्रगणकाला दारात उभे करून, घरातल्या सगळ्यांच्या देखत किती जणांनी ‘इतर’ म्हणून सांगितले असेल, याचा विचार करून मगच तो वापरावा. समलिंगी व्यक्तींची तर त्यात मोजणीच नाही.

मार्गदर्शकाला या विषयाचे वाचन नसेल तर ते मोकळेपणाने मान्य करून सहमार्गदर्शक घ्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत तशी तरतूद आहे. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे स्त्री अभ्यास केंद्र १९७४ पासून आणि पुणे विद्यापीठाचे १९८७ पासून काम करीत आहे. पुणे विद्यापीठाच्याच इंग्रजी विभागात आर. राज राव यांनी समलिंगी साहित्याचा अभ्यासक्रम शिकवला. मराठी विभागांनी शेजारच्या इमारतीत जाऊन विचारायला संकोच बाळगू नये. परीक्षकांच्या यादीबाबतही हेच आहे. नेहमीची ओळखीची सहा नावे लिहून देण्याऐवजी, ज्यांचे या विषयाच्या आसपासचे काही लेखन आपण स्वतः वाचले आहे अशीच नावे द्यावीत. मौखिकीत ‘समाजाला याचा काय उपयोग?’ असे विचारणारा परीक्षक आपण निवडलेला असतो, तो आकाशातून पडत नाही.

विद्यार्थिनीला पुढे मुलाखती घ्याव्याशा वाटल्या तर तिला एक गोष्ट सुरुवातीलाच सांगावी: तिचा प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर चढणार आहे आणि तो कोणीही, अगदी मुलाखत देणाऱ्याच्या गावातला सरपंचही, वाचू शकणार आहे. नावे बदलली म्हणजे काम झाले असे आपण समजतो. माझ्याकडे आलेल्या एका मसुद्यात मुलाखत देणाऱ्याचे नाव काळजीपूर्वक बदललेले होते, आणि पुढच्याच ओळीत तो ‘तालुक्यातील बी.ए. झालेला एकमेव जोगता’ होता, चौंडकं वाजवत असे आणि त्याचे एसटी स्टँडसमोर दुकान होते. तालुक्याचे नावही दिले होते. तो माणूस शोधायला पोलीसही लागले नसते, रिक्षावाल्याने नेऊन सोडले असते. तपशील हाच साहित्याच्या माणसाचा जीव असतो, त्यामुळे तो कापताना आपल्याला यातना होतात, पण इथे तो कापावाच लागतो. संमतिपत्र मराठीत आणि वाचून दाखवता येईल असे असावे. ज्याला सही नको असेल त्याची तोंडी संमती नोंदवावी, कारण सहीचा कागद हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा होऊ शकतो. ध्वनिमुद्रणे विभागाच्या सामायिक संगणकावर ठेवू नयेत. आणि जो माणूस दिवसाची कमाई सोडून आपल्याशी बोलत बसतो, त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. त्याने संशोधन बाटत नाही.

संशोधकाच्या पोटापाण्याचा विचार या चर्चेत फारसा कोणी करत नाही, म्हणून त्यावर जरा थांबते. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. ज्याचे घर त्याच्या पाठीशी आहे त्याच्यासाठी ती उशिरा येणे ही गैरसोय असते. ज्याला घरून ‘लग्न कर नाहीतर येऊ नकोस’ असे सांगितलेले असते, त्याच्यासाठी तीन महिन्यांची थकबाकी म्हणजे खोली सोडून त्याच घरी परत जाणे. संस्थेने दरमहा पोर्टलवर जी खातरजमा करायची असते ती वेळेवर झाली का, वसतिगृह मिळाले नसेल तर घरभाड्याचा अर्ज गेला का, हे विभागप्रमुखांनी स्वतः पाहावे. यासाठी कोणाची ओळख विचारावी लागत नाही. सर्वांचेच काम वेळेवर केले की ज्याला सर्वाधिक गरज आहे त्याचे आपोआप होते, आणि त्याला वेगळे हात पसरावे लागत नाहीत.

तक्रार करण्याची वेळ आली तर आधार आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ च्या दुरुस्तीने लैंगिक कल आणि पारलिंगी ओळख यांवरून केलेल्या छळाचा स्पष्ट उल्लेख आला आहे, आणि २०१९ च्या पारलिंगी व्यक्तींविषयीच्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे सक्तीचे केले आहे. आपल्या महाविद्यालयात तो अधिकारी कोण आहे हे आपण आजच कार्यालयात विचारावे. उत्तरादाखल बहुधा दुसरा प्रश्न येईल.

कधीकाळी एखाद्या पारलिंगी संशोधकाचे नाव बदलले, तर जुन्या नावाने प्रसिद्ध झालेल्या लेखांचे काय, हा प्रश्न येईल. मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकाशकांनी गेल्या काही वर्षांत जुन्या लेखांवरील नाव गाजावाजा न करता बदलण्याची सोय केली आहे. आपल्या मराठी नियतकालिकांचे अंक छापील असतात, ते बदलता येत नाहीत. पण आपल्या संदर्भसूचीत नवे नाव लिहिणे आपल्या हातात आहे, आणि ‘पूर्वाश्रमीचे’ असा शेरा न मारणेही. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक सर्वच संशोधकांना पहिल्या वर्षी काढायला लावावा. माणसाचे नाव बदलले तरी सोळा आकडे बदलत नाहीत.

सत्कार मात्र करू नयेत. ‘प्राइड’चा म्हणून साजरा होणारा जून महिना आला की विभागातल्या ‘त्या’ संशोधकाला व्यासपीठावर बोलावून अनुभवकथन करायला लावण्याची एक नवी रीत पडू पाहत आहे. ज्याला बोलायचे असेल तो स्वतः सांगेल. विद्यार्थिनीच्या बाबतीत उलटा त्रास होईल. तिला स्टाफरूममध्ये ‘मॅडम, तुमचे यजमान काय म्हणतात या विषयावर?’ असे हसत विचारले जाईल. पहिल्यांदा असे विचारले जाईल तेव्हा आपण तिथे असाल तर विषय बदलू नका, विचारणाऱ्याला त्याच्या प्रबंधाविषयी त्याच्या पत्नीचे मत विचारा. मी विचारले होते. पुन्हा तो प्रश्न त्या खोलीत आला नाही.

राहता राहिला आपला पहिला विद्यार्थी. त्याला काय हवे आहे ते त्याने आपल्याला सांगितलेच आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, आणि त्यांतली सकळ लिपी चांगली वाचणारी माणसे आता मोजकीच उरली आहेत. मठांमधून विचारणा केली तर एखादे नाव मिळेल. ते मिळवून द्या, आणि त्या गुरूंकडे महिन्यातून दोनदा जाण्यायेण्याचा प्रवासखर्च विभागाच्या कोणत्या शीर्षाखाली बसतो तेही लेखापालांकडून विचारून ठेवा.